भिंत खालून ओली होतेय? पुट्टी आणायच्या आधी घराभोवती एक चक्कर मारा

नागपुरात दिवाळीच्या तोंडावर पेंटर शोधून सापडत नाही, अन ओल आलेल्या भिंतीला हात लावायला वर्षातला सगळ्यात वाईट टाइम तोच असतो. चार महिने पाऊस पिऊन जमीन, जोतं, विटा सगळं गच्च भिजलेलं असतं, त्यावर आपण पोपडे खरवडून पुट्टीचे दोन हात मारतो, वरून महागाचा वॉशेबल पेंट, लक्ष्मीपूजनाला भिंत एकदम झकास. होळीपर्यंत तीच पुट्टी फुगून हातात येते, मग पेंटरला शिव्या, पेंटच्या कंपनीला शिव्या. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्यांचा काही दोष नसतो हो. पाणी जिथून येऊन राहिलं तिथं कोणी पाहिलंच नाही, तर भिंतीवर काहीही फासा, टिकत नाही.

सुरुवात घरातल्या सगळ्यात दुर्लक्षित जागेपासून करा, म्हणजे जिन्याखालची खोली. तिथं खिडकी नसते, उजेड नसतो, अन सामान मात्र जगभराचं, मागच्या सीझनचा कूलर, गणपतीचा मखर, रद्दी, पाहुण्यांच्या गाद्या. एक दिवस ते सगळं बाहेर काढा. रद्दीच्या गठ्ठ्यातले सगळ्यात खालचे पेपर एकमेकांना चिकटलेत का, लोखंडी पेटी उचलल्यावर फरशीवर गंजाचा चौकोन उमटलाय का, भिंतीवरून बोट फिरवलं तर पांढरी खारट पावडर लागते का. नाकही कामाला लावा, बंद दार उघडल्या उघडल्या जो कुबट वास येतो तो दोन मिनिटांनी जाणवेनासा होतो, म्हणून पहिला श्वास महत्त्वाचा. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या वर चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी आहे, नळी इंचभर मोडून ठेवा, दोन-चार दिवसांत पुन्हा जोडली गेली तर वस्ती जिवंत आहे समजायचं. वाळवीला ओलावा लागतोच, त्यामुळे नुसतं औषध मारून ओल तशीच ठेवली तर ती परत येते.

आता ओल कुठली ते ओळखायचं, कारण सगळ्या ओलीला लोक एकच नाव देतात, लिकेज, अन तिथंच गडबड होते.

जमिनीतून चढणारी ओल खालून वर येते, साधारण तीन फुटांच्या आत थांबते, अन तिची वरची कड वाकडीतिकडी पण आडवी असते, त्या कडेवर पिवळट डाग अन खार जास्त. विटेत अन गाऱ्यात केसासारखी बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी स्वतःहून वर ओढलं जातं, भिंतीच्या बाहेर येऊन वाळतं, अन सोबत आणलेलं मीठ तिथंच सोडून जातं. हे मीठच खरं डोकेदुखीचं, कारण ते हवेतला ओलावा ओढतं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये भिंत ओली दिसते पण खालून नवीन पाणी काहीच येत नसतं असंही होतं, मीठ भरलेलं प्लास्टर हवेतूनच पाणी पित असतं. म्हणून नुसता पाण्याचा रस्ता बंद करून भागत नाही, ते प्लास्टर काढावंच लागतं, त्यावर खाली बोलतो.

पावसाचं आडवं पाणी वेगळं. ते कुठल्याही उंचीवर, गोल किंवा लांबट डागात, खिडकीच्या कोपऱ्यात, सज्जाच्या खाली, अन पाऊस झाल्यावर तासा-दिवसात दिसतं, उघडीप मिळाली की फिकं होतं. पाइप किंवा बाथरूमचं लिकेज असेल तर ऋतूशी काही घेणंदेणं नसतं, मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री असतानाही बाथरूमच्या पाठीमागची भिंत खाली ओलीच. नागपूरच्या मे महिन्यात जी भिंत वाळत नाही तिच्यामागे चालू पाणी आहे, ह्यात डाऊट ठेवू नका.

अन चौथी म्हणजे घाम. पाऊस लागून हवा दमट झाली की तळमजल्याची कोटा किंवा मार्बलची फरशी सकाळी ओलसर लागते, पाय चिकटतो. ते पाणी खालून येतं की हवेतलं आहे हे डोळ्याने कळत नाही, पण टेस्ट सोपी आहे अन फुकटची आहे. दीड बाय दीड फुटाचा जाड पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, फरशीवर किंवा भिंतीवर चारही बाजूंनी टेप लावून पक्का चिकटवा, एक-दोन दिवस राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले तर पाणी जमिनीतून किंवा भिंतीतून येतंय, वरच्या बाजूला ओलावा जमला तर हवेतला आहे. घामाचा इलाज पंखा, हवा अन थोडी अक्कल, त्यासाठी फरशी फोडायला निघालेल्या माणसाला थांबवा.

पाइपवर शंका असेल तर रात्री झोपताना सगळे नळ बंद करा, गच्चीवरच्या टाकीचं पाणी कुठं उतरलं ते खडूने खूण करून ठेवा, सकाळी कोणी नळ उघडायच्या आधी बघा. मीटर असेल तर टाकीत जाणारा वॉल्व्ह बंद करून मीटरचा बारीक काटा दोन तास फिरतो का तेही पाहता येतं. अंडरग्राउंड टाकी तर हमखास विसरली जाते, अन आपल्याकडे ती बहुतेक पोर्चमध्ये, घराच्या पायाला खेटून असते. इनलेट बंद, पंप बंद, पाण्याच्या पातळीवर आतून खूण, सकाळी पुन्हा. बंद टाकीतून उडून जाणारं पाणी नगण्य असतं, त्यामुळे पातळी उतरली म्हणजे गळतीच. सहा बाय पाच फुटाच्या टाकीत अर्धा इंच उतरलं तर ते ३५ लिटर होतं, अन ते रोज रात्री तुमच्या पायात जातंय. बाथरूमसाठी नहाणी ट्रॅपला प्लास्टिकच्या पिशवीत कापडाचा बोळा करून घट्ट बसवा, इंचभर पाणी भरा, एक दिवस ठेवा. पाणी उतरलं तर टाइल्सचे सांधे किंवा ट्रॅपची कड गेलेली आहे.

ज्यांच्या अंगणात अजून जुनी विहीर आहे त्यांच्याकडे तर आयता मीटर आहे. भर पावसात विहिरीचं पाणी अंगणापासून किती फुटांवर येतं ते बघा. हात घालता येईल इतकं वर येत असेल तर जोत्याखालची माती महिनाभर पाण्यात बसलेली असते, अन तिथं वरवरचे उपाय चालत नाहीत.

बाहेरची चक्कर

हे काम पाऊस पडत असताना करायचं, छत्री घेऊन. कोरड्या दिवशी सगळी घरं चांगली दिसतात. गच्चीचं पाणी कुठं पडतं ते आधी बघा. हजार फुटांच्या स्लॅबवर एक इंच पाऊस झाला की २३०० लिटरच्या वर पाणी होतं, नागपूरचा वर्षाचा पाऊस साधारण ११०० मिलिमीटर धरला तर एक लाख लिटर, अन ते सगळं दोन पाइपांतून भिंतीच्या बुडाशी सोडलेलं असतं, खाली एल्बोसुद्धा नाही. फक्त हा पाइप वाढवून पाणी चार-पाच फूट लांब, नालीपर्यंत नेलं तरी कितीतरी घरांची अर्धी ओल कमी होते, खर्च काही शे रुपयांचा. गडर लाइनच्या, म्हणजे सांडपाण्याच्या, चेंबरमध्ये मात्र पावसाचं पाणी सोडू नका, जोराच्या पावसात चेंबर उलटं वाहतं अन मग जे घरात येतं ते सांगण्यासारखं नसतं.

दुसरी गोष्ट काळी माती. बेसा, हुडकेश्वरकडचे लेआउट असो की अजून कुठले, काल-परवापर्यंत जिथं शेत होतं तिथं ही मंडळी बसलेलीच आहे. पाणी प्यायली की फुगते, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, वाळून आकसते अन बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. भिंत अन जमीन ह्यांच्यामध्येही उन्हाळ्यात फट पडते, अन मृगाचा पहिला दणका आला की पाणी त्या फटीतून सरळ पायापर्यंत उतरतं, जमिनीवर पसरतसुद्धा नाही. म्हणून मे संपायच्या आत घराच्या चारही बाजूंनी फिरून ही फट बघायची. नुसती माती लोटून बुजवू नका, जोत्याला लागून दोनेक फूट रुंदीची काळी माती काढून मुरूम भरा, थर देत पाणी मारून चांगला धुम्मस करा, अन त्यावर काँक्रीटचा पट्टा, ज्याला मिस्त्री लोक प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. तीन फूट रुंद, अन बाहेरच्या बाजूला उतार, पन्नासाला एक म्हणजे तीन फुटात पाऊण इंच. उतार दिला का हे मिस्त्रीला विचारू नका, बादलीभर पाणी ओतून स्वतः पाहा. पट्टा अन भिंत ह्यांच्या सांध्यात लवचिक सीलंट भरा, सिमेंट भरलं तर काळी माती हलली की पुढच्या वर्षी तडा ठरलेला.

फुलझाडांची क्यारी भिंतीला लागून असेल तर ती हलवा, वाईट वाटलं तरी हलवा. रोज संध्याकाळी पाइप धरून आपणच जोत्याला पाणी पाजत असतो.

अन आता नागपूरचं खास दुखणं, रोड. डांबरी रस्त्याच्या जागी सिमेंट रोड झाला, त्याची उंची फूटभर वाढली, अन जुनी घरं खड्ड्यात गेली. नियमाने जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा ४५ सेंटिमीटर म्हणजे दीड फूट वर पाहिजे, पण ते घर बांधलं तेव्हाच्या जमिनीपासून होतं ना. मग लोक काय करतात, गाडी निघत नाही म्हणून पोर्च भरून वर घेतात, त्यावर पार्किंग टाइल्स, अन इथं खेळ बिघडतो. जोत्याच्या लेव्हलला भिंतीत एक आडवा वॉटरप्रूफ थर असतो, डीपीसी, जमिनीची ओल वर चढू नये म्हणून दिलेला. पोर्च त्याच्यावर गेला की ओल्या भरावाला डीपीसीच्या वरची वीट सरळ भेटते, डीपीसी असून नसल्यासारखा. पोर्च उंच केल्यावर दोन पावसाळ्यांत हॉलची भिंत फुगली अशी घरं तुम्ही तुमच्याच गल्लीत मोजा.

पोर्च वर घ्यावाच लागत असेल तर भिंतीला चिकटवू नका. भिंत अन पोर्चचा स्लॅब ह्यांच्यामध्ये सहा इंचाची उघडी नाली ठेवा, जुन्या लेव्हलपर्यंत खोल, आतून प्लास्टर अन वॉटरप्रूफिंग, वर लोखंडी जाळी, अन तिला उतार देऊन शेवटी एक छोटा खड्डा, रोडची नाली वर असेल तर त्यात फ्लोटवाला छोटा पंप. दिसायला थोडं ओबडधोबड दिसतं, बायकोची नाराजी झेलावी लागते, पण चालतं. घर विकत घ्यायला गेलात तर मिस्त्रीचा पारदर्शक लेव्हल पाइप सोबत न्या, एक टोक रोडवर, दुसरं हॉलच्या उंबऱ्याशी, दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की उंबरा वर आहे की रोड ते एका मिनिटात कळतं. रोड वर असेल तर भाव त्या हिशोबाने बोला.

पावसाचं पाणी जिरवायचा शोषखड्डा करायचा असेल तर घरापासून निदान दहा फूट लांब, अन काळी माती ओलांडून खालच्या मुरमापर्यंत खोल. काळ्या मातीत केलेला खड्डा पाणी जिरवत नाही, साठवतो.

कूलर

हे बाहेरगावच्या लोकांना सांगून पटत नाही, पण आपल्याकडे भर उन्हाळ्यात भिंती ओल्या होतात त्या कूलरने. खिडकीतला मोठा कूलर दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी सहज खातो, त्यातलं थोडं टपाच्या गंजलेल्या बुडातून, थोडं वूड वूलच्या जाळीतून बाहेर, अन पाणी भरताना नळ चालू ठेवून कोणी टीव्ही बघत बसलं की उरलेलं सगळं खिडकीखालच्या भिंतीवर. खिडकीच्या खाली बाहेरून हिरवट पट्टा अन पांढरे ओघळ असतील तर दुसरं कारण शोधत बसू नका. स्टँड भिंतीपासून चार इंच सुटा ठेवा, टपाला ओव्हरफ्लोची नळी लावून ती नालीत सोडा, फ्लोट वॉल्व्ह बसवा. अन कूलर चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी पाहिजेच, नाहीतर सगळी दमट हवा खोलीतच फिरते, कपाटामागे बुरशी धरते. जूनमध्ये मृगाचा पाऊस लागून हवा जड झाली की कूलर थंडही करत नाही, फक्त ओलावा वाढवतो, त्या दिवशी बंद करून पंख्यावर या. दोन-तीनशे रुपयांना आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ मिळतं, घरात ते ६० टक्क्यांच्या खाली राहिलं तर बुरशीची फारशी चिंता नाही.

भिंतीचं काम कधी अन कसं

पाण्याचा रस्ता बंद केला ना? मग पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. खराब प्लास्टर, ओलीच्या वरच्या कडेच्याही फूटभर वरपर्यंत, विटेपर्यंत खरवडून काढा, खार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुवायचा नाही, धुतला की मीठ पुन्हा आत जातं. अन भिंत तशीच उघडी सोडा. पाहुणे येतात, कसं दिसतं, हे सगळं मान्य, पण वीट वाळायला महिनाभरात इंचभर असा ढोबळ हिशोब धरतात, म्हणजे नऊ इंची भिंत दोन्हीकडून वाळली तरी चार-पाच महिने गेले. इथं नागपूर आपल्या बाजूने आहे. फेब्रुवारीपासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इतकी कोरडी हवा फुकटात कुठं मिळते. म्हणून क्रम असा ठेवा, पावसाळ्यात निरीक्षण, दिवाळीनंतर बाहेरचं काम अन प्लास्टर काढणं, मे अखेरीस नवं प्लास्टर, पेंट त्याच्याही नंतर. दिवाळीला त्या भिंतीसमोर सोफा सरकवा अन चार इंच हवा खेळू द्या.

जुन्या घरात डीपीसीच नसेल, महाल-इतवारीकडच्या दगड-चुन्याच्या घरांत तो नसणारच, तर भिंतीत ड्रिल करून केमिकल भरतात. जमिनीपासून सहा इंचावर, विटांच्या आडव्या सांध्यात, बारा मिलिमीटरची भोकं चार-साडेचार इंचांवर, त्यात सिलेनवालं, म्हणजे विटेत मुरून पाणी अडवणारं, क्रीम. विटेच्या भिंतीत हे चांगलं चालतं, दगडाच्या जाड, आत भराव असलेल्या भिंतीत क्रीम कुठं जातं ते कळत नाही, तिथं बाहेरून पाणी वळवणं अन चुन्याचं प्लास्टर हेच बरं. चुना भिंतीला वाळू देतो. आतून ऑइल पेंट, पीओपी, डॅडो (भिंतीच्या खालच्या भागाला लावलेल्या टाइल्स) किंवा जाड वॉटरप्रूफ कोट लावला तर पाणी अडत नाही, अजून दोन फूट वर चढून बाहेर येतं. डॅडो लावल्यावर ओल डॅडोच्या वर दिसायला लागलेली घरं काही कमी नाहीत.

२०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीकाठच्या वस्त्यांत जे पाणी घुसलं, तशी पुराची ओल वेगळी ओळखा. तिची रेघ सगळ्या खोल्यांत एकाच लेव्हलला, अगदी सरळ असते, अन एक-दोन उन्हाळ्यांत ती भिंत वाळते. तिला इंजेक्शनची गरज नसते, गाळ धुऊन, प्लास्टर उघडून वाट बघायची असते. पुरानंतर लगेच केमिकल विकायला आलेल्या माणसाला चहा पाजा, ऑर्डर देऊ नका.

ओल्या भिंतीवर स्विचबोर्ड असेल तर तो आधी बंद करा, बाकी सगळं नंतर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन आपोआप तोडणारा स्विच, मेन बोर्डात नसेल तर इलेक्ट्रिशियनला आजच फोन करा. बुरशी कोरडी झाडू नका, ती हवेत उडते, मास्क लावून, खिडकी उघडून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. ब्लीच अन टॉयलेटचं ॲसिड कधीच एकत्र नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. घरात दम्याचं माणूस असेल तर त्याला त्या खोलीत झोपवू नका.

ज्यांची पोरं अमेरिकेत घरं घेऊन राहिली त्यांच्यासाठी दोन ओळी. तिकडं बऱ्याच घरांच्या जमिनीखाली दोन-तीन फुटांची पोकळी असते, क्रॉल स्पेस म्हणतात, अन कुबट वासाची तक्रार बहुतेक तिथूनच येते. नियम हेच, छताचं पाणी पाइपने पाच-सहा फूट लांब, घराभोवती दहा फुटात सहा इंच उतार, अन पोकळीतल्या मातीवर जाड पॉलिथिनची शीट, जोड एकमेकांवर चढवून टेप लावलेली. हवा खेळू द्यायला तिथले झरोके उघडे ठेवावेत असं जुने लोक सांगतात, पण दमट उन्हाळ्यात बाहेरची हवा आत येऊन थंड लाकडांवर अन पाइपांवर पाणीच धरते, म्हणून आता बरेच जण झरोके बंद करून आत डिह्युमिडिफायर ठेवतात.

मिस्त्री किंवा ठेकेदार आला की तो बहुतेक हेच म्हणतो, "काकाजी, डॅम्पप्रूफ मारून देतो, दहा वर्षं पाहायचं काम नाही." तुम्ही एवढंच विचारा, "भाऊ, पाणी कुठून येऊन राहिलं ते दाखव." तो बाहेर जाऊन पाइप, पोर्च, टाकी, चेंबर बघायला लागला तर माणूस कामाचा आहे. जागेवरूनच रेट सांगायला लागला तर चहा संपवून निरोप द्या. काम द्याल तेव्हा कुठलं मटेरियल, किती उंचीपर्यंत प्लास्टर काढणार, गॅरंटी कशाची, हे कागदावर लिहून घ्या, अन शेवटचा हप्ता पोळ्यानंतर देईन हे सुरुवातीलाच ठरवून टाका.